आधी आलेलं आधी जाईल

सासुरवाडीत कोणतंही कार्य निघालं की कोठीची किल्ली बन्सीच्या कमरेला लागायची आणि सत्यमच्या बरोबर त्याच जागी, पोटात दुखायला लागायचं.

कोठी म्हणजे कार्याच्या दिवशी कुलपात राहणारी खोली. तेलातुपाचे डबे, साखर, बुंदीच्या पराती, नारळ, टोपी-टॉवेल, आहेराच्या साड्या, थोडक्यात ज्या ज्या वस्तूंना गर्दीत पाय फुटतात त्या सगळ्या तिथं. किल्ली कुणाकडे असावी याचा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण पाचोडच्या सर्जेरावांच्या घरात ती थोरल्या जावयाकडे, बन्सीकडे असे. आल्या पाहुण्यासमोर सर्जेराव बन्सीच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ह्यो जावई नाय, लेक हाय लेक." मग शेजारी उभ्या सत्यमकडे हात करून म्हणत, "अन् हे धाकले जावई. वाळूजला असतेत."

संपलं. वाळूजला असतेत. एवढं सांगितलं की माणसाचं चरित्र पूर्ण होतं.

खरं तर वाळूजला सत्यम जिथं असे ते एका कारखान्याचं स्टोअर होतं. दिवसभर हजारो नटबोल्टांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला सासरा साखरेच्या पोत्याची किल्ली देत नाही, हे दुःख साधं नाही. त्यात बन्सी येताना बागेतली मोसंबी पोतं भरून आणायचा. सत्यम शहरातून केक न्यायचा. सर्जेराव मोसंबी सोलत गावभर फिरायचे आणि केकच्या खोक्याची सुतळी सोडून गोठ्याच्या दाराला बांधायचे.

तेव्हा सत्यमनं गोदाम व्यवस्थापनात एम.बी.ए. करायला घेतलं. शनिवार-रविवारचा वर्ग, छत्रपती संभाजीनगरातच. ऑफिसात सांगितलं, बढतीसाठी. मित्रांना सांगितलं, ज्ञानासाठी. घरात श्रेयानं चहा पुढं ठेवत विचारलं, "अहो, हे सगळं त्या किल्लीसाठी तर नाही ना?"

"किल्लीचा काय संबंध?"

"नाही, प्रवेशाच्या दिवशी तुम्ही झोपेत 'बन्सी' म्हणालात."

वर्गात मात्र त्याचा जीव रमला. मधुसूदन सर तळमळीनं शिकवत. "गोदाम हे मनासारखं असतं," ते म्हणत, "काय ठेवलंय ते माहीत पाहिजे, कुठं ठेवलंय ते माहीत पाहिजे, आणि नको ते वेळेवर बाहेर काढता आलं पाहिजे." जे सारखं लागतं ते दाराजवळ ठेवा. प्रत्येक वस्तूला पत्ता द्या. आणि सगळ्यात मोठा मंत्र म्हणजे आधी आलेलं आधी जाईल. "माल पाहुण्यासारखा असतो. आधी आला त्याला आधी वाटेला लावा. वरचंवरचं देत राहिलात तर खालचं कुजतं!" हे ऐकताना सत्यमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. कारण बन्सी सात वर्षं वरचंवरचंच देत आला होता. ट्रंक उघडायची, वरची साडी काढायची, ट्रंक मिटायची. चुकीची पद्धत! आणि त्याच पद्धतीवर माणूस 'लेक' झाला होता!

फक्त परत आलेल्या मालाचं प्रकरण तेवढं सत्यमचं बुडालं. त्या रविवारी बन्सीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. परीक्षेत त्यानं ते ऑप्शनला टाकलं.

शेवटच्या सत्राला प्रकल्प होता. खरं गोदाम घ्या, सुधारा, आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवा. बाकीच्यांनी कारखाने घेतले. सत्यमच्या धाकट्या मेहुणीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, "सर, मी लग्नाची कोठी घेतो."

सरांनी चष्मा काढला. "लग्नाची? अहो, तिथं मालापेक्षा मालाचे नातेवाईक जास्त असतात."

"सांभाळतो, सर."

"बघा बुवा," सर म्हणाले, आणि चष्मा पुन्हा घातला नाही.

---

पाचोडला बैठक बसली. लग्न शहरात, बीड बायपासवरच्या कार्यालयात. आचारी ठरला, मंडप ठरला, आणि सर्जेरावांनी सवयीनं किल्ली बन्सीपुढं सरकवली. सत्यमनं घसा साफ केला.

"मामा, ह्या वेळेला कोठी मी बघू का? म्हणजे माझा अभ्यासच आहे त्याचा. शास्त्रीय पद्धतीनं करता येईल."

सर्जेरावांनी कोठीत शास्त्र असतं हे प्रथमच ऐकलं होतं. सत्यमनं मनातल्या मनात मोठ्या भांडणाची तयारी केली होती, मुद्दे काढले होते, दोन टोमणेही पाठ केले होते. पण बन्सीनं किल्ली उचलली आणि सरळ त्याच्या हातात ठेवली.

"घ्या की साडूभाऊ. कवापासून वाट बघायलो."

"कसली वाट?"

"कुणी मागंल ह्याची." बन्सी हसला. तसलं सरळ हसणं सत्यमला जन्मात जमलं नव्हतं, आणि तेही त्याला खुपत असे.

परत येताना गाडीत तो श्रेयाला म्हणाला, "यात काहीतरी डाव आहे."

"दाजींना डाव येत असता तर ते शेती कशाला करत बसले असते? बी.कॉम. झालेत ते."

"बी.कॉम. आहे तो?" सत्यमला ही माहिती नवी होती.

---

लग्नाच्या दिवशी सकाळी कोठी बघण्यासारखी झाली होती. दाराजवळ पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळी, मध्ये साखर आणि तेल, मागं नारळ. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. जमिनीवर चालण्याची वाट दाखवणारी पिवळी पट्टी, कारखान्यात असते तशी. सत्यमनं फोटो काढले.

पट्टीनं पहिला घोळ केला. नवऱ्याकडच्या दोन आज्या पट्टीपाशी थबकल्या, चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि तिथं हळदकुंकू वाहिलं. त्यांचं बघून मागच्या बायकांनी वाहिलं. कुणीतरी नारळ ठेवला. तासाभरात कोठीच्या दारात चपलांचा ढीग आणि पट्टीवर सुट्या पैशांची रास जमली. "कुठल्या देवाचं हाय?" एकीनं विचारलं. "वाटेचं," सत्यम वैतागून म्हणाला, आणि बाईनं हात जोडून "बरोबर हाय, वाट महत्त्वाची" असं म्हणून आणखी एक फूल वाहिलं.

मग आचारी सखाराम आला. "साहेब, तेलाचा डबा द्या. कढई तापलीय."

"मागणी नोंदवलीत का?"

"काय नोंदवलं?"

"आधी सांगायचं असतं काय, किती, कशासाठी. मग मी देणार."

"तेल. डबाभर. पुऱ्यासाठी," सखाराम म्हणाला. "आता नोंदवलं का देवा? तिकडं जाळ चाललाय." पुऱ्या लाटणारी त्याची बायको मागं उभी होती. तिनं सत्यमकडं असं बघितलं की त्यानं डबा दिला, पण सही घेतलीच.

आणि मग आली ट्रंक. आहेराच्या साड्यांची, आशाबाईंची, म्हणजे सासूबाईंची. चार माणसांनी धरून आणलेली. आशाबाई घाईत होत्या, देवक बसायचं होतं. "जावईबापू, वरनं द्या बरं का. वरच्या वर. खालचं उचकू नका."

"हो मामी," सत्यम म्हणाला, आणि दार लोटून घेतलं.

वरच्या वर! बन्सीची पद्धत आता सासूबाईंच्याही अंगवळणी पडली होती तर. तळातल्या साड्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं कुजत असतील आणि घरात कुणाला त्याची खंत नाही. सत्यमनं सरांना मनोमन वंदन केलं आणि अख्खी ट्रंक उलटी केली. जे तळाला होतं ते वर आलं, जे वर होतं ते तळाला गेलं. प्रत्येक साडी जुन्या कापडात नाहीतर दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली होती. त्यानं एकही उघडली नाही. स्टोअरवाला माल उघडत नाही, हलवतो. सगळ्या गाठोड्यांना एकसारखा चकचकीत कागद लावला, फीत बांधली, नवा रचलेला ढीग ओळीत लावला आणि फोटो काढला. बन्सीनं सात वर्षांत एक फीत बांधली नव्हती.

---

लग्न लागलं. मुहूर्तावर नाही, पण लागलं. माइकवरून आहेराची नावं सुरू झाली. श्रेया आणि तिची थोरली बहीण सोनिया ताटं घेऊन कोठीतून मांडवात जाऊ-येऊ लागल्या. सत्यम आतून एकेक पाकीट देत होता. आधी आलेलं आधी. पहिलं पाकीट, म्हणजे सगळ्यात तळातलं, पहिल्या मानाला, विहीणबाईंना.

तो कोठीत होता, म्हणून पुढचं त्याला दिसलं नाही. ऐकू आलं.

विहीणबाईंनी मंचावरच फीत सोडली. आपल्याकडे मानाची साडी तिथल्या तिथं घडी मोडून खांद्यावर घेतात, चारचौघींनी बघावी म्हणून. त्यांनी घडी मोडली आणि आतून डांबराची गोळी निघाली. ती मंचावर टण् करून पडली, पायऱ्या उतरली आणि टपटपत भटजींच्या पायाशी जाऊन थांबली. सनईवाल्यानं वाजवणं सोडून श्वास घेतला.

"डांबरगोळी!" व्याही काकासाहेब म्हणाले. त्यांचा माइक चालू होता.

तोवर यमुनाआत्यांच्या हातात पाकीट पडलं होतं. सर्जेरावांची थोरली बहीण. जिच्या रागावर आजवर तीन सोयरिकी मोडल्याची ख्याती होती. आत्यांनी साडी उलगडली, पदर डोळ्याजवळ नेला, पदराचा कोपरा चाचपला.

"सर्जेराव," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ही माझी साडी हाय."

"तुमचीच की आक्का, तुम्हालाच दिली."

"तसं नाय. म्या दिलेली हाय. श्रेयाच्या लग्नात. हे बघ, उदबत्तीनं पडलेलं भोक. देताना म्या अंगठ्यानं दाबून धरलं होतं."

अर्थ उघड होता. ट्रंकेत वर असत ते लांबच्या सोयऱ्यांचे आहेर, म्हणजे या घरात द्यायला निर्धोक. ज्यांनी दिलं त्यांच्याच हातात परत जाऊ नये म्हणून जवळच्यांचे आहेर आशाबाई खाली दाबून ठेवत. सत्यमनं तेच दाबलेलं शास्त्रीय पद्धतीनं वर आणलं होतं, आणि जवळच्यांना मान आधी, म्हणून नेमकं त्यांच्याच हातात दिलं होतं.

मांडवात कागद फाटण्याचा आवाज सुरू झाला. "अगं बाई, ही तर मी बारशात दिलेली!" "ही तुझी कशी? मीच तुला दिली ना!" "म्हणजे तू पुढं ढकललीस?" "तू तरी कुठं नेसलीस?"

आता यमुनाआत्या उठून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. आत्या उठल्याही. पण त्यांनी साडी छातीशी धरली आणि म्हणाल्या, "लई आवडती होती माझी. दिली तेव्हा आठ दिस जेवण गोड लागलं नाय. इतक्या लग्नांत आहेर दिले, पण दिलेलं घरी परत आलं हे पहिल्यांदा बघायलेय. जावई हुशार हाय."

हे वाक्य संपायच्या आत बायका कोठीकडं निघाल्या होत्या.

"जावईबापू, माझी मोरपंखी द्या."

"माझी चटणी रंगाची, लाल काठाची."

"ही घ्या परत, ही माझी नाय. माझी तिला गेली."

पिवळ्या पट्टीवरची फुलं तुडवली गेली. नारळ घरंगळला. सत्यमनं आठवून बघितलं, परत आलेला माल कसा हाताळायचा, आणि त्याला बन्सीच्या वास्तुशांतीतली बासुंदी आठवली. ते प्रकरण ऑप्शनला होतं.

या दंग्यात दोन घटना झाल्या. एक, ढिगातलं शेवटचं पाकीट रिवाजाप्रमाणे आचाऱ्याच्या बायकोला गेलं. मूळच्या ट्रंकेत सगळ्यात वर होती ती विहीणबाईंसाठी खास पैठणहून आणलेली कोरी साडी. सखारामच्या बायकोनं ती बघितली, डोक्यावरून पदर घेतला, नवऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं उरलेल्या पुऱ्या देवाच्या भरवशावर सोडून मोटारसायकलवरून निघून गेले. दुसरी घटना, बन्सी सापडला.

तो पहिल्या पंगतीत होता. डोक्याला फेटा, पुढ्यात जिलबी. शेजारी चार माणसं "घ्या दाजी, घ्या" करत होती.

"साडूभाऊ, वाचवा," सत्यम धापा टाकत म्हणाला. "हे तुम्ही इतकी वर्षं कसं जमवलंत?"

"काय जमवायचं त्यात? मामी म्हणल्या वरनं द्या, म्या वरनं दिलं. खाली काय हाय मला काय ठाव." बन्सीनं जिलबीचा तुकडा मोडला. "खरं सांगू का, सात वर्षांत ह्या घरची जिलबी मी गरम खाल्ली नव्हती. फोटोत तर मी कुठल्याच नाय. किल्ली तुमच्याकडं राहू द्या."

---

सर्जेराव कोठीत आले तेव्हा चेहरा लालबुंद होता. मागं काकासाहेब, आशाबाई, श्रेया, आणि जिलबी हातात घेऊनच बन्सी.

"अरे, अक्कल गहाण टाकली का तू?" सर्जेराव गरजले. "तुला सांगितलं होतं ना वरनं द्यायचं? ट्रंक उलटी करायला तुला कुणी सांगितलं, गाढवा?"

सगळे दचकले. सत्यम मात्र थक्क होऊन बघत राहिला. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि आजवर सर्जेरावांनी त्याला 'तुम्ही'खाली कधी उतरवलं नव्हतं. "घ्या सत्यमराव, बसा सत्यमराव, निघालात सत्यमराव?" आज ते अरे-तुरे करत होते. गाढव म्हणत होते.

काकासाहेब मध्ये पडले. "असू द्या हो. जावयाला असं बोलू नये."

"जावई असता तर बोललो असतो का?" सर्जेराव फटकन म्हणाले. "लेकासारखा हाय म्हणून बोलायलो!"

सत्यमनं श्रेयाकडं बघितलं. श्रेयानं मान हलवली. म्हणजे खरंच तसं म्हणाले होते.

पण आशाबाईंचं लक्ष रिकाम्या ट्रंकेकडं होतं. "एकदम तळाला होती ती कुणाला गेली? जुन्या धोतराच्या कापडात बांधलेली. जांभळी."

"ती... ती विहीणबाईंना, मामी. पहिलीच."

आशाबाई ट्रंकेच्या कडेवर बसल्या. "अहो, ती तुमची!"

"माझी?"

"साखरपुड्याला तुम्ही आणलेली. पहिल्या पगाराची म्हणून. दर दिवाळीला काढते, ऊन दाखवते, गोळी बदलते, परत तळाला ठेवते. नेसायची म्हणलं तर घडी मोडवत नाय, द्यायची म्हणलं तर हात धजत नाय."

"मला वाटलं तुम्हाला आवडली नाही. कधी अंगावर दिसली नाही."

"आवडली नसती तर वर ठेवली असती न बाबा!"

सत्यमला गोदाम व्यवस्थापनाचे सहा विषय एकदम समजल्यासारखे झाले आणि काही उपयोग नव्हता. त्यानं आजवर जिच्यावरून जळफळाट केला, ती पसंती पाच वर्षं ट्रंकेच्या तळाशी बसून होती. आणि त्यानं ती स्वतःच्या हातानं, फीत बांधून, पहिल्या नंबरानं बाहेर काढली होती.

"परत मागता नाही का येणार?" त्यानं हळूच विचारलं.

उत्तर मांडवातून आलं. विहीणबाई गोळीच्या वासातून सावरल्या होत्या आणि माइकवरून सांगत होत्या, असा पोत आताशा बघायला मिळत नाही, आशाबाईंनी जपून ठेवलेलं आपल्याला दिलं, यालाच माया म्हणतात. जांभळी साडी खांद्यावर घेऊन त्या सगळ्या फोटोंत उभ्या राहिल्या.

दाराशी बन्सी तसाच उभा होता. हातातली जिलबी थंड झाली होती.

"मामी," तो म्हणाला, "अन् माझी? मागल्या दिवाळीची, केशरी?"

"तुमची व्हय? सोन्यासारखी होती की," आशाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लगेच कामाला आली. संक्रांतीच्या आधीच देऊन टाकली कुणाला तरी."

"अन् त्याच्या आधीची?"

"ती पण."

बन्सीनं जिलबी शेजारच्या आहेराच्या ताटात ठेवली. सात वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. ते काय आहे हे तिथं उभ्या असलेल्यांपैकी एकालाच ओळखता आलं असतं, आणि त्यानं ते बरोबर ओळखलं.

---

मधुसूदन सरांनी प्रकल्प पास केला. फोटो उत्तम आहेत म्हणाले, पण परत आलेल्या मालाचं प्रकरण सविस्तर लिहून आणायला लावलं. सत्यमनं ते इतक्या पोटतिडकीनं लिहिलं की सरांनी वर्गात वाचून दाखवलं. पाचोडला किल्ली आता कायमची त्याच्याकडे आहे. सर्जेराव त्याला सगळ्यांदेखत अरे-तुरे करतात आणि तो जेवायला बसेपर्यंत जिलबी संपलेली असते.

जूनमध्ये नवी तुकडी आली. पदवी हातात घ्यायला सत्यम कॉलेजात गेला, तर सरांच्या टेबलाजवळ मोसंबीचं पोतं. पहिल्या बाकावर, कोरी वही उघडून, बन्सी.

"साडूभाऊ, तुम्ही?"

"म्हणलं बघावं जरा," बन्सी नजर चुकवत म्हणाला. "तळाला कसं जायचं ते."

सर मोसंबी सोलत उठले, बन्सीच्या पाठीवर थाप मारली आणि आलेल्या पाहुण्याला, म्हणजे प्राचार्यांना म्हणाले, "हा माझा विद्यार्थी नाही, मुलगाच समजा." मग सत्यमकडे हात केला. "आणि हे मागच्या तुकडीचे. वाळूजला असतात."